साडेतीन वर्षांनी दोघांचंच जेवण, आणि एक निवांत भांडण

ऋतुगंध

गेल्या शुक्रवारी मी आणि नवरा कोरेगाव पार्कातल्या एका इटालियन हॉटेलात जेवायला गेलो. दोघंच. एवढ्यासाठी धागा कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांना एक तर मुलं नाहीत, किंवा त्यांची मुलं मोठी होऊन बराच काळ लोटलाय.

रात्रीचं जमत नाही. चिरंजीव आठ वाजता माझ्याच कुशीत झोपतात, तिथे बदली खेळाडू चालत नाही. दुपार मात्र जमण्यासारखी असते. साडेबाराला प्लेग्रुपमधून आणायचं, वरणभात भरवायचा, की तीनपर्यंत झोप. हे सगळं साबा (म्हणजे सासूबाई) माझ्याहून छान करतात. तेव्हा दोघांनी अर्धी रजा टाकली आणि साबांना सांगितलं, "मला ऑफिसात जावं लागतंय, ह्याचं बँकेत काम आहे."

हो, खोटं बोललो. का ते विचारू नका, मलाही नीट सांगता यायचं नाही. "पोराला टाकून हॉटेलात चाललोय" हे वाक्य तोंडातून निघेना. साबा काही म्हणाल्याही नसत्या. त्या कराडहून इथे आमच्यासाठीच येऊन राहिल्या आहेत.

नळ स्टॉपला मेट्रो पकडली, बंडगार्डनला उतरलो, पुढे रिक्षा. मेट्रोत दोघंही गप्प, शाळा बुडवल्यासारखे. माझ्या पर्समध्ये ओल्या पुसण्यांचं पाकीट, एक छोटी चड्डी आणि अर्धा खाल्लेला खाकरा होता. तो तिथेच संपवला.

हॉटेलात गेल्यावरची गंमत ऐका. मी बसल्या बसल्या काचेचे ग्लास आणि सुरी टेबलाच्या कडेपासून आत सरकवली. नवऱ्यानं बाहेरची खुर्ची पकडली, म्हणजे कोणी पळालं तर उठता येतं. एकमेकांकडे बघून हसलो, पण खुर्च्या काही बदलल्या नाहीत.

बुराटा चीज मागवलं, मार्गरीटा पिझ्झा, अल्यो ए ओल्यो पास्ता आणि मश्रूम रिझोटो. आणि अकरा मिनिटांत सगळं संपवलं! खरंच सांगते, मी घड्याळ बघितलं. एकानं भरवायचं, दुसऱ्यानं गिळायचं, मग पाळी बदलायची, ही सवय अशी हाडात शिरलीय की गरम अन्न समोर आल्यावर हात आपोआप धावला. मी पास्त्यावर फुंकर मारली, पिझ्झ्याच्या एका तुकड्याचे सहा बारके तुकडे केले आणि मग ते कोणासाठी केले ते कळेना. वेटर येऊन काळजीनं विचारून गेला, जेवण ठीक होतं ना?

मग उरला तासभर. बोलायला विषय एकच, तो घरी झोपलेला. त्याची फी, त्याची शी, त्याचा खोकला. १.४०ला साबांचा फोन आला, "हिंगाचा डबा कुठे ठेवलाय गं?" मांडणीवर, तिसऱ्या फळीवर, तीन वर्षं आहे तिथेच. मी कुजबुजत सांगितलं, कारण मी "मीटिंगमध्ये" होते आणि मागे कोणीतरी इटालियन गाणं म्हणत होतं.

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "तुला एक सांगायचं राहिलंय." फेब्रुवारीत त्याला कंपनीनं दीड वर्षासाठी श्टुटगार्टला जायचं विचारलं होतं. कुटुंबासकट. त्यानं परस्पर नाही म्हणून टाकलं. मला आज कळतंय.

आणि मग आम्ही भांडलो. घरी आमचं भांडण हप्त्याहप्त्यानं चालतं. एक वाक्य सकाळी, एक रात्री भांडी लावताना, मधे "आई, बघ ना" आलं की तहकूब. पुढच्या हप्त्यापर्यंत आधीचा मुद्दा काय होता ते दोघंही विसरलेलो. इथे कोणी मधे आलं नाही. मी म्हटलं, मला का विचारलं नाहीस. तो म्हणाला, तुझी नोकरी, आईचे गुडघे, पोराचं दर पंधरा दिवसांनी आजारपण, तू हो म्हणाली असतीस आणि मग माझ्यावर चिडली असतीस. मी म्हटलं, चिडायचं का नाही ते मी ठरवेन. तिरामिसू आलं, तेही भांडता भांडताच खाल्लं. दोन चमचे, एक बशी. पाऊण तासानं भांडण संपलं. तुटलं नाही, संपलं! दोघांचं सगळं बोलून झालं. शेवटचं असं कधी झालं होतं, आठवत नाही.

परतीच्या मेट्रोत आम्ही पुन्हा गप्पच होतो, पण आता कसं अगदी हलकं वाटत होतं.

तर प्रश्न असा की साबांना सांगू का? आणि तुम्ही मंडळी हे कसं जमवता?

---

पेठेतला_पाहुणा

मस्त लिहिलंय. फक्त भांडायला कोरेगाव पार्क? आम्ही संभाजी उद्यानात शेंगदाण्याच्या पुडीवर भागवतो.

जाता जाता, बिल किती झालं? आणि हॉटेलचं नाव?

---

ऋतुगंध

३,४०० च्या आसपास. त्यात दहा टक्के सेवाशुल्क परस्पर लावलं होतं, ते काढा म्हटल्यावर मॅनेजरच्या कपाळावर आठ्या. म्हणूनच नाव देत नाही, उगाच वाद नको.

---

कायद्याचं_बोला

सेवाशुल्काबद्दल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हॉटेलनं हे शुल्क बिलात आपोआप घालायचं नाही, दुसऱ्या नावानं उकळायचं नाही, आणि दिलं नाही म्हणून प्रवेश वा सेवा नाकारायची नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. द्यायचे तर खुशीनं द्या, आणि शक्यतो वेटरच्या हातात. जीएसटी वेगळा, तो भरावाच लागतो.

भांडणाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिथे कोणताच कायदा चालत नाही.

---

स्पष्टवक्ता_७७

राग मानू नका, पण आमच्या आयांनी चार चार पोरं वाढवली, त्यांना कोणी बुराटा भरवायला नेलं नव्हतं. आणि सासूशी खोटं बोलून, तिच्याच जिवावर पोर टाकून जायचं, वर त्याचं कौतुक? नवऱ्यानं परदेशाची संधी घरासाठी सोडली त्यावरही भांडण. कठीण आहे.

---

नाशिकची_मावशी

स्पष्टवक्ता, तुमच्या आईला कोणी विचारलं होतं का, तुला कुठे जायचंय म्हणून? मी त्याच पिढीतली आहे, म्हणून सांगते.

माझं लग्न १९८१चं. नारायण पेठेत दीड खोली, सासू-सासरे, दोन दीर आणि आम्ही. मोठी मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही "बँकेत सही करायला" म्हणून अलकाला दुपारच्या खेळाला गेलो होतो. सिनेमा कुठला ते आठवत नाही, कारण दोघंही झोपलो! मध्यंतरात जाग आली, बटाटेवडा खाल्ला आणि परत झोपलो. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बँकेत फारच गर्दी होती वाटतं, गालावर खुर्चीची घडी उमटलीय." बस, एवढंच. पुढे कधी विषय नाही.

तेव्हा ऋतुगंध, तुझ्या साबांना कळलेलं आहे असं धरूनच चाल. सांगून टाक. उशीर केलास की खोट्याला पाय फुटतात.

---

कढीपत्ता

बाकी सगळे संसारावर बोलतायत, तर मी जेवणावर बोलतो.

अल्यो ए ओल्यो म्हणजे लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी मिरची, बस्स. त्यात ब्रोकोली-बिकोली असेल तर पैसे परत मागा. लसूण मंद आचेवर, जेमतेम सोनेरी. करपला की कडू. आणि पास्ता शिजवलेलं पाणी वाटीभर राखून ठेवायचं, त्यातल्या पिठूळपणानं तेल पास्त्याला धरतं. घरी होतो १५ मिनिटांत. हॉटेलात ५०० रुपये का द्यायचे, हा माझा जुना प्रश्न.

शाकाहारी लोकांसाठी एक सूचना. खरं पार्मेजान, म्हणजे इटलीतलं पार्मिज्यानो रेज्यानो, वासराच्या पोटातल्या रेनेटनंच (दूध गोठवणारा पदार्थ) करतात, तसा त्यांचा नियमच आहे. आपल्याकडे मिळणारं बरंचसं चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं, ते चालतं. हॉटेलात विचारायचं, लाजायचं नाही. मी विचारतो. बायको तेवढ्यात मेन्यूमागे तोंड लपवते.

रिझोटोबद्दल काहीच लिहिलं नाहीत?

---

ऋतुगंध

रिझोटोबद्दल नवऱ्याचं मत: "साडेसातशे रुपयांचा गुरगुट्या भात." मला आवडला होता. लोणचं असतं तर अजून आवडला असता.

---

कढीपत्ता

नवरा अगदीच चुकीचा नाही, पण एक फरक आहे. आपण तांदूळ धुतो, रिझोटोचा आर्बोरियो नाहीतर कार्नारोली धूत नाहीत, कारण त्याच्या अंगावरचं पीठच पुढे दाटपणा आणतं. आधी लोण्यात कोरडा परततात, मग गरम स्टॉक पळीपळीनं घालत १७-१८ मिनिटं हलवत उभं राहायचं. शेवटी गॅस बंद करून थंड लोणी आणि चीज. दाणा आतून किंचित कणीदार हवा. आपल्याकडे कणी राहिली तर साबा... असो.

---

पो_काठचा

इटलीतल्या तोरिनोहून. इथे सात वर्षं आहे, मुलगी पाच वर्षांची. धागा वाचून हसू आलं, कारण इथे "मुलाशिवाय इटालियन हॉटेलात" ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटेल. रविवारचं दुपारचं जेवण म्हणजे आजी-आजोबा, काका, सगळी पोरं, एका लांब टेबलावर दोन-तीन तास. हॉटेलातही. पोरं टेबलांमधून पळतात, वेटर त्यांचे गालगुच्चे घेतो. मेन्यूत नसलं तरी पोरांसाठी "पास्ता इन बिआंको" मागता येतो, म्हणजे नुसता उकडलेला पास्ता, वर लोणी किंवा ऑलिव्ह तेल आणि किसलेलं चीज. तोच इथला वरणभात. पोराचं पोट बिघडलं की डॉक्टरही तेच सांगतात, बिनलोण्याचा.

वेळ मात्र पाळावी लागते. साडेबारा ते अडीच, मग स्वयंपाकघर बंद, ते एकदम संध्याकाळी साडेसातला उघडणार. नवीन होतो तेव्हा चार वाजता भुकेला फिरलोय, बायको आणि तान्ही मुलगी घेऊन, एका बाकड्यावर बसून केळी खाल्ली. जेवणावर कापुचिनो मागवला तर वेटर देतो, पण नजर अशी की जणू आपण पुरणपोळीवर सॉस मागितला.

आणि पोर सांभाळायला इथेही शेवटी आजीच. नातवंडं आजी-आजोबांवर सोडून नोकरीला जाणारे आईबाप माझ्या ऑफिसात निम्मे तरी आहेत. २ ऑक्टोबर हा इथे कायद्यानं ठरवलेला आजी-आजोबा दिन आहे, २००५पासून. आमच्या आजी-आजोबा मंडळींचा मुक्काम सांगलीत. त्यामुळे आम्ही दोघं एकत्र शेवटचं कधी जेवलो ते विचारू नका.

---

बाबा_नंबर_एक

पो_काठचा, +१. डब्लिनमध्ये आहोत, इथे कोणी नाही. दोन मराठी कुटुंबांनी मिळून अदलाबदली चालू केलीय, महिन्यात एका शनिवारी त्यांची पोरं आमच्याकडे, एका शनिवारी आमची त्यांच्याकडे. चालतं. फक्त चार पोरं घरात असतानाचा शनिवार संपल्यावर आपल्या शनिवारी हॉटेलात जाण्याइतका जीव उरत नाही. गेल्या वेळी आम्ही दोघं गाडीत सीट मागे करून तासभर पडून राहिलो, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये.

---

एकटीच_बरी

वाचत होते. भांडायला समोर माणूस असणं हीसुद्धा चैन आहे, एवढंच नोंदवते. मुलगा नऊ वर्षांचा आहे. मी एकटी जेवायला जाते, पुस्तक घेऊन, महिन्यातून एकदा. वेटर दुसरी खुर्ची उचलून नेतो, ते पहिल्यांदा लागलं होतं. आता मीच सांगते, न्या ती.

---

ऋतुगंध

एकटीच_बरी, हे वाचून थांबले. लिहीत राहा.

---

मीच_तो_नवरा

सदस्य होऊन सात मिनिटं झाली. बायकोनं लिंक पाठवली, "तुझ्याबद्दल लिहिलंय" म्हणून.

दोन दुरुस्त्या. एक, अकरा नाही, चौदा मिनिटं. दोन, श्टुटगार्टचं मी "परस्पर" नाही म्हटलं हे खरं आहे, पण सांगायचं टाळलं नव्हतं. सांगायला बसलो की कोणीतरी टॉयलेटमधून "झालीऽऽ" म्हणून हाक मारायचं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मीच म्हटलं, जाऊ दे. तो "जाऊ दे" माझा, त्याबद्दल माफी मागितली आहे.

स्पष्टवक्ता, बाजू घेतलीत, आभार. पण घरासाठी सोडलं म्हणणं पूर्ण खरं नाही. मला भीती वाटली होती, भाषेची, थंडीची, आणि तिथे आई नसेल याची. ते मी घरावर ढकललं. हे तिरामिसू खाताना बोलून झालं आहे.

कढीपत्ता, गुरगुट्या तो गुरगुट्याच.

---

पेठेतला_पाहुणा

हसून हसून पुरेवाट! धाग्यावर नवरा हजर, आता फक्त साबांचा आयडी यायचा राहिलाय.

---

स्पष्टवक्ता_७७

नवऱ्याचा प्रतिसाद प्रामाणिक वाटला. माझा त्या मुद्द्यापुरता आक्षेप मागे. सासूशी खोटं, तो कायम.

---

मधला_बाक

अवांतर: तिरामिसूला दाद द्यायला हवी. हा पदार्थ पुरातन वगैरे नाही, तो त्रेविझो शहरातल्या एका हॉटेलात १९७०च्या सुमारास प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ साधारण "मला वर उचल". कॉफीत बुडवलेली बिस्किटं, मस्कारपोने चीज, अंडं, साखर, वर कोको. भांडताना खायला याहून योग्य पदार्थ नसेल, चावायला लागत नाही आणि बोलणं अडत नाही.

---

कढीपत्ता

आणि अंडं असतं, हे पुष्कळ शाकाहारींना माहीत नसतं. विचारायचं.

---

ऋतुगंध

आज पाच दिवसांनी परत आलेय. साबांना सांगितलं.

रात्री भाजी निवडताना सांगितलं. मला वाटलं होतं, एक तर हसतील नाहीतर फुगतील. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जेवायलाच गेला होता ना? नक्की?"

मग कळलं. आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांकडे बघून मान हलवत होतो, फोनवर हळू बोलत होतो, एकाच दिवशी दोघांनी अर्धी रजा. त्यात ह्याचं बँकेचं काम, पण बँकेची पिशवी ह्यानं घरीच ठेवलेली. साबांना वाटलं, दोघांपैकी कोणाला तरी काहीतरी झालंय आणि आम्ही डॉक्टरकडे चाललोय. शुक्रवारी नातवाला झोपवून त्या बसून होत्या. हिंगाचा डबा त्यांच्यासमोर होता. त्यांना फक्त माझा आवाज ऐकायचा होता, रडवेला आहे का ते. आणि मी नेमकी कुजबुजत बोलले.

मला पुढचं काही बोलता येईना. मेथी तशीच राहिली.

नंतर त्या म्हणाल्या, "जायचं तर महिन्यातून एकदा जा. सांगून जा. फक्त गुरुवारी नको, मला आरतीला जायचं असतं." आणि ह्याला वेगळं घेऊन श्टुटगार्टबद्दल काहीतरी बोलल्या. काय ते दोघंही सांगत नाहीत.

---

नाशिकची_मावशी

पोरी, त्यांना एकदा बरोबर घेऊन जा. किंवा नको, त्यांना आणि त्यांच्या मैत्रिणीला दोघींनाच पाठव, आणि पोर तुम्ही सांभाळा.

---

ऋतुगंध

मावशी, विचारलं. म्हणाल्या, "ते चीज मला नको, वैशालीत डोसा खाऊ." पुढच्या मंगळवारी कराडच्या त्यांच्या शाळेतल्या मैत्रीण येतायत. अर्धी रजा नवऱ्यानं टाकलीय.

---

पेठेतला_पाहुणा

सगळं ठीक. हॉटेलचं नाव?

---

ऋतुगंध

व्यक्तिगत निरोप केलाय. सेवाशुल्क काढायला सांगा.